जादूघराच्या दाराला कडी का नाही

धामणखेडला कापूस बाजाराच्या मागे एका गुप्त मंडळाचा दगडी हॉल आहे. मंडळाचे सभासद हॉलला लॉज म्हणतात आणि एकमेकांना बंधू. गाव मात्र शंभर वर्षांपासून त्याला जादूघर म्हणते. त्याच्या जाड सागवानी दाराला आतून कडी नाही. जिथे ती होती, तिथे स्क्रूची चार भोके आहेत.

हॉलचे रखवालदार उकंडराव तायडे आलेल्या पाहुण्याला आधी त्या भोकांत बोट घालायला लावतात. मग सांगतात.

त्यांच्या पणजोबांच्या वेळची गोष्ट. पणजोबा लिंबाजी तायडे पलटणीतून पेन्शनीत आलेले. बैठक चालू असताना नंगी तलवार घेऊन दाराबाहेर उभे राहायचे, हे त्यांचे काम. कामावर घेताना त्यांच्याकडून तलवारीवर दोन शपथा घेतल्या होत्या, असे सांगतात. आत माणूस असेतो दार सोडायचे नाही. आणि तीन ठोके द्यायचे ते फक्त बंधू आला तर. एरवी दारावर पंजा मारायचा. लिंबाजी स्वतः बंधू नव्हते. ते तायडे होते, गावकुसाबाहेरचे, आणि बंधुभावाची हद्द उंबऱ्यापर्यंतच होती.

वैशाखातली दुपार. आत नव्या सभासदाचा शपथविधी चालला होता. एकोणीस माणसे, खिडक्यांवर जाड पडदे. शेजारच्या आवारात कापसाच्या गाठींना आग लागली. त्या आवारापलीकडे मजुरांच्या झोपड्यांची रांग होती, आणि त्यातल्या एकीत लिंबाजींची बायको सकू तापाने पडलेली होती.

लिंबाजींनी दारावर पंजा मारला. आत लॉजचे प्रमुख वकील पांगारकर म्हणाले, "बाहेरचा कोणी आहे. थांबेल." पुन्हा पंजा पडला तेव्हा एक जण हसून म्हणाला, "लिंबाजीला तहान लागली वाटतं."

रस्त्यावरून पळणारी माणसे ओरडत होती, "लिंबाजी, घराकडं पळ, सकू आत हाय." ते दोन पायऱ्या उतरले आणि परत चढले. असे तीनदा झाले म्हणे. मग त्यांनी एक शपथ मोडली, दुसरी पाळायला. तीन ठोके दिले.

दारातली लहान झडप उघडली. "कोण बंधू?"

"मी लिंबाजी. आग लागलीय. बाहेर या."

झडप मिटली. नोकराने बंधूंचे ठोके वापरले, याचा पांगारकरांना संताप आला. "शपथ पुरी होऊ द्या," ते म्हणाले, "मग बघतो त्याच्याकडे."

तेवढ्यात वारा फिरला. झडपेच्या फटीतून धूर आत आला, तेव्हा कडी निघाली. एकोणीसच्या एकोणीस जण खोकत बाहेर पडले, एकालाही चटका बसला नाही. शेवटचा बाहेर येईपर्यंत लिंबाजी उभे होते. मग धावले. रांगेच्या जागी राख होती.

पुढच्या बैठकीला पांगारकर स्वतः पायऱ्या उतरून आले. म्हणाले, "लिंबाजी, आम्ही तुम्हाला बंधू करून घेतो."

"कोन म्हून विचारलं तवा सांगितलं होतं, साहेब," लिंबाजी म्हणाले. "तवा चाललं नाही. आता फकस्त ती कडी द्या."

त्यांनी ती स्वतःच्या हाताने उखडली आणि सकूच्या झोपडीच्या जागी पुरली, असे सांगतात.

मध्यंतरी नव्या कमिटीने सुरक्षेचे कारण काढून कुलूप बसवायचे ठरवले. उकंडराव सुताराला म्हणाले, "बसव बापा. पन आधी ते भोकं बुजवून दाखव." सुतार हत्यारे गुंडाळून गेला.

आजही बैठक चालू असताना कुणीही दारावर पंजा मारला की शपथ अर्धी थांबते, आणि प्रमुखाला स्वतः उठून दार उघडावे लागते. कोण, हे विचारायचे नाही. आत संगमरवरी फलकावर आगीतून वाचलेल्यांची नावे आहेत. उकंडराव ती पाहुण्यांकडून मोठ्याने वाचून घेतात. एकोणीस होतात. पाहुणा थांबला की विसावे ते स्वतः म्हणतात. मग एकविसावे.