मोकळं घरटं

माणसांना घरं सजवायचं वेड नुकतंच लागलं होतं, तेव्हाची गोष्ट. सुगरण पक्ष्यांत खोपा नर विणतो आणि मादीला तो पसंत पडला, तरच संसार सुरू होतो. पिवळ्या नावाच्या नराने एका बंगल्याच्या खिडकीतून मोकळ्या-रिकाम्या परदेशी घरांची चित्रं पाहिली आणि आपल्या खोप्यात शिरायची लांब नळी कापून टाकली. भिंतीही निम्म्याच ठेवल्या.

मादी पाहायला आली. "अंडी कुठे ठेवायची?"

"अंड्यांनी पसारा दिसतो," पिवळ्या म्हणाला. "ही जागा अनुभवायची असते."

"मग बस अनुभवत," म्हणत ती शेजारच्या जुन्या धाटणीच्या खोप्यात शिरली.

या झाडावर कुणाला दृष्टीच नाही, असं म्हणत पिवळ्या हळहळला. तेवढ्यात फांदीवरून साप सरकत आला आणि खोप्यात डोकावला.

"वा, आत यायला किती सोपं केलंयस."

अखेर एक जाणकार भेटला म्हणून पिवळ्या भरून पावला आणि पाहुण्याला आग्रहाने आत घेऊन गेला.