नदीचा मुराळी

“यापुढे नदीनं माझ्या वाड्यात येऊन साडी घ्यायची!”

मंगळघाट संस्थानच्या रणोजीराजांनी भर दरबारात फर्मान सोडलं. कृष्णेला पूर आला, की राजानं तिचा भाऊ म्हणून घाट उतरायचा आणि तिला साडीचोळी वाहायची, ही तिथली जुनी रीत. यंदा राजे शेवाळलेल्या पायरीवरून घसरले ते थेट पाण्यात बसले! गाव गालातल्या गालात हसलं. येसबा नावाडी मात्र खो खो हसला.

“तूच आण तिला, येसबा! उद्या नदी वाड्यात दिसली नाही, तर नावाड्यांची सगळी घरं घाटावरून उठवीन!”

येसबानं घरी येऊन डोक्याला हात लावला. “कळशीभर पाणी नेऊन ओतू का गं, गोजरे?”

“राजे म्हणतील, हे पाणी झालं, नदी कुठाय?” त्याची लेक म्हणाली. “उद्या मी बोलते, आबा. तुम्ही फक्त हसू नका!”

दुसऱ्या दिवशी दरबारात राजांनी विचारलं, “काय पोरी, नदी कुठाय?”

“यायला तयार आहे, सरकार. पण सवाष्ण बाई माहेरी एकटी कशी येईल? न्यायला मुराळी नको? भाऊ तुम्ही. तुम्हीच चला.”

“हा निघालो! घाट काय, इथंच तर आहे.”

“घाटावर कशाला? मुराळी बहिणीच्या सासरी जातो. नदीचं सासर समुद्र! तिथं जायचं, सासूसासऱ्यांना ‘पाठवता का’ म्हणून विचारायचं. त्यांनी ‘हो’ म्हटलं, की पुढचं माझ्याकडे लागलं.”

“मी राजा आहे! विचारायचं कसलं? हुकूम सोडीन!”

गोजरीनं पदर सावरला. “गेल्या पंचमीला आपल्या बहिणीला, आक्कासाहेबांना, आणायला आपण स्वतः गेलात, सरकार. हत्ती होता, वाजंत्री होती. त्यांच्या सासूबाईंनी लाडू खायला घातले आणि ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणून वाटेला लावलं. तेव्हा कुठला हुकूम सोडलात?”

चिकाच्या पडद्याआड राणीसाहेब खुदकन हसल्या. राजांच्या मिशा थरथरल्या, गाल फुगले, आणि हसता हसता ते गादीवर आडवेच झाले.

“अगं, त्या बाईपुढं माझी बोबडी वळली होती! नदीची सासू कशी असेल कोण जाणे! नको बाई, पायरीवरून पडलेलं परवडलं!” डोळे पुसत ते कारभाऱ्यांकडे वळले. “घाटावरची घरं नावाड्यांना वंशपरंपरेनं द्या. पोरीला सोन्याच्या पाटल्या द्या. आणि येत्या पंचमीला आक्कासाहेबांना आणायला मी जाणार नाही. हिलाच पाठवा! बघू, ती सासू कशी नाही म्हणते!”