पाठमोरा डोह

करंजघोळच्या खाली नदी एका उभ्या कड्यावर आपटून वळते आणि त्या वळणावर डोह आहे. भर उन्हातही त्याचा तळ दिसत नाही. गावचे लोक इथे उतरतात ते काठाकडे पाठ आणि कड्याकडे तोंड करून. पोरेसोरेसुद्धा तशीच उभी राहतात. आम्ही तालुक्याहून आलो होतो. आमच्यातला एक जण फोटोसाठी काठाकडे वळला, तेव्हा काठावरच्या देवळाचे म्हातारे पुजारी सखोबा गुरव वरून ओरडले, "ओ पाव्हणं! तोंड फिरवा! काठाकडं तोंड करून हितं मढं तरंगलं हुतं!"

तो गडी धडपडत बाहेर आला. सखोबा हसले. "येवढं बी पळू नगा. लई जुनं मढं हाय ते." मग खडकावर बसून त्यांनी हकिकत सांगितली.

देशमुखीच्या काळी, असे सांगतात, या बाजूच्या देशमुखांचा एक मेव्हणा होता. नाव जोत्याजी. घाटवाटेवर एक कासार बांगड्यांचा हारा, म्हणजे मोठी टोपली, घेऊन चालला होता. वाट अरुंद होती आणि जोत्याजीच्या घोड्याला बाजू द्यायला त्याला जागा नव्हती. एवढ्यावरून जोत्याजीने त्याला तिथेच कापला. पुढच्या वळणावरून करंजघोळचा हैबती आणि त्याच्यामागून गावातली एक बाई सरपणाच्या मोळ्या घेऊन उतरत होती. दोघांनी ते पाहिले. जोत्याजीनेही त्यांना पाहिले. हैबतीला त्याने ओळखले, पण बाईचे तोंड मोळीच्या फांद्यांआड होते.

कासार परमुलखातला. त्याच्यासाठी रडायला इथे कोणी नव्हते, आणि वादी उभा राहिला नाही तर खुनाचाही वाद होत नसे. तेव्हा गावचा पाटील हिरोजी पुढे आला. म्हणाला, "माझ्या शिवंत पडला, तवा त्यो माझा." ही लहान गोष्ट नव्हती. आरोप शाबीत झाला नाही तर वादी खोटा ठरे आणि त्याचे वतन जाई.

निवाड्याची सभा, म्हणजे मजालस, या डोहाच्या काठावर बसे. साक्षीदाराने एकट्याने कमरेइतक्या पाण्यात उभे राहायचे, काठाकडे तोंड करायचे आणि बेचाळीस पूर्वजांना स्मरून बोलायचे. आदल्या संध्याकाळी त्याच्या नावाची दवंडी पिटायची. साक्षीदाराचे नाव ढोल वाजवून मारेकऱ्याला कळवायचे आणि मग म्हणायचे, ये बाबा, निर्भयपणे खरे सांग! याला त्या शहाण्या लोकांनी रीत असे नाव दिले होते.

हैबतीच्या नावाची दवंडी झाली. सकाळी मजालस जमली तेव्हा हैबती पाण्यातच होता. डोहात तरंगत होता, काठाकडे तोंड करून. तोंडात वाळू ठासून भरलेली होती.

मजालशीने काय करावे? पंच म्हणाले, साक्षीदार मयत, सबब पुढचा साक्षीदार आणावा. जोत्याजी समोर बसून पान लावत होता. तो म्हणाला, "मी त्या दिवशी वाड्याबाहेर पाऊल टाकलं नाही. पाटलाचं माझ्याशी वैर आहे." मग काठावर जमलेल्या बायांवरून त्याने सावकाश नजर फिरवली. एकेका तोंडावर ती थांबत गेली.

त्या दिवसापासून गावात भीती शिरली. बाया पाण्याला एकट्या जाईनात. लेकरांना जोत्याजीचे नाव उच्चारू देईनात. त्याचे घोडेस्वार गल्लीतून फिरत आणि कुठल्याही दारात थांबून विचारत, "काय गं, सरपणाला कुठं जातेस?" बाई खरेच सरपणाला गेलेली असो वा नसो, ती दार लोटून घेई. घरोघर नवरे बायकांना एकच विचारत होते, "तू न्हवतीस ना?"

पाटलाला ती बाई ठाऊक होती. हैबतीने सांगितले होते. तो तिच्या दारात गेला.

"माझं नाव वाजवाया आलासा व्हय, पाटील?" ती म्हणाली. "हैबतीचं वाजवलंसा. लई झ्याक वाजला ढोल. डोहापातुर ऐकू गेला."

"रीत हाय, बाई."

"रीत पान्यात उतरती का? उतरला त्यो हैबती. तुमी वादी हायसा, तुमचं वतन जाईल. माझा जीव जाईल. माझी लेक अंगावर पिती, तिला काय वतन देनार हायसा?"

पाटलाने पागोटे डोक्यावर ठेवले. तो उठला. तेवढ्यात तीच म्हणाली, "बोलायचं न्हाई असं म्या कुटं म्हनलं? एकलीनं हुबं ऱ्हानार न्हाई, म्हनलं."

पाटील घराघरांत गेला. काय बोलला ते कोणी सांगत नाही. काही दारे त्याच्या तोंडावर लागली, काही मागून उघडली. संध्याकाळी दवंडीवाल्याने विचारले, "नाव कुनाचं घिऊ?"

"गावाचं घे," पाटील म्हणाला.

आणि ढोलावर दवंडी झाली, "उद्या करंजघोळ साक्ष देनार!" जोत्याजीचे स्वार त्या संध्याकाळीही आले. पण वाळू भरायची ती कुणाच्या तोंडात? ते नुसतेच फिरले आणि परत गेले.

दुसऱ्या दिवशी सगळ्या बाया डोक्यावरून काळी घोंगडी ओढून आल्या. तरण्या, म्हाताऱ्या, गरवारसुद्धा. डोहात उतरल्या आणि काठाकडे पाठ करून उभ्या राहिल्या. थंडी होती, त्याहून भय होते. घोंगड्या थरथरताना काठावरून दिसत होत्या.

पंच खवळले. "साक्ष तोंड दाखवून द्यावी लागते!"

पाटील म्हणाला, "बेचाळीस पूर्वज काठावर बसल्यात का पान्यात? ज्येंची शपथ, त्येंच्याकडं त्वांड. आनि जोत्याजीराव, तुमाला इचारायचा हक हाय. काय बी इचारा. जाब मिळंल."

जोत्याजी हसला. "सांगा मग. घोडा कुठल्या रंगाचा होता?"

पाण्यातून आवाज आला, "तांबडा. म्होरला डावा पाय धवळा."

आवाज कड्यावर आदळून चारी बाजूंनी परत आला. कुणाच्या घोंगडीखालून निघाला ते कळेना. काही म्हणतात तो बाईचा होता. काही म्हणतात हैबतीचा होता, आणि त्या घटकेला डोहाचे पाणी वाहायचे थांबले होते, म्हणे.

"कासारानं काय केलं?"

"हात जोडलं. हारा खाली ठेवाया वाकला. वाकल्यावर मारलासा."

जोत्याजी उठून पाण्यात उतरला. त्याने पहिली घोंगडी ओढली. खाली पाटलाची म्हातारी आई. "बग की रं मुडद्या," ती म्हणाली, "म्याच बोलले." दुसरी ओढली. "म्याच बोलले." तिसरी, ती पोटुशी होती, दात वाजत होते तिचे. "म्याच बोलले." तेव्हा जोत्याजी पाण्यावर हात आपटून ओरडला, "खोट्या आहात सगळ्या! हैबतीच्या मागं एकच बाई होती!"

कारकुनाने मान वर केली. पंच एकमेकांकडे पाहू लागले.

वाड्याबाहेर पाऊल न टाकणाऱ्याने घाटातली बाई पाहिली होती. ते पंचांनी ऐकले, कारकुनाने ऐकले, आणि ज्या न्यायाला आजवर ढोलाखेरीज काही ऐकू येत नव्हते, त्यालाही ते ऐकावे लागले. जोत्याजीला घाटातच, कासाराला मारले त्या जागी, देहान्त शासन झाले असे सांगतात.

"पण ती बाई कोण?" आमच्यातल्या एकाने विचारले. "एवढी वर्षं झाली. आता सांगायला काय हरकत आहे?"

सखोबांच्या चेहऱ्यावरचे हसू गेले. "गावाला ठावं हाय," ते म्हणाले. "जोत्याजीची बी पोरंबाळं हुती, पाव्हणं."

आजही करंजघोळात कुणाला साक्षीचे समन्स आले की तालुक्याच्या कोर्टात तो एकटा जात नाही. व्हरांड्यात आरोपीची माणसे मिशा पिळत उभी असतात, येणाऱ्याजाणाऱ्याचे चेहरे न्याहाळतात. सरकारी वकील कागद चाळत घाईने आत जातात. साक्षीदार आला कसा आणि परत जाणार कसा, हे त्यांनी विचारलेले मी तरी कधी ऐकले नाही. गाव भिंतीशी घोंगड्या पांघरून बसलेले असते, भर उन्हाळ्यातही. भीती गेलेली नसते. जवळ बसले तर श्वास ऐकू येतात. मग शिपाई दारात येऊन नाव पुकारतो आणि अख्खा व्हरांडा उठून उभा राहतो.