ऐरण कुठे रोवायची?

एका गावात एक तांबट राहत होता, आणि तो घरी आहे की नाही हे गावाला डोळे मिटूनही कळायचं. उजाडलं की तांबट आळीत हातोड्यांचा ठणठणाट सुरू व्हायचा, आणि त्यात सगळ्यांत जोरकस घाव या तांबटाचा असायचा. माणूसही तसाच. हसला की खळखळून, चिडला की दणकून, आणि एखादी गोष्ट मनात भरली की ती मिळेपर्यंत त्याला जेवण गोड लागत नसे.

त्याच्या घरात म्हातारे वडील होते, आबा. त्यांची नजर गेली होती, पण कान अजून शाबूत होते. शिवाय बायको, तरणा मुलगा, सून आणि पाळण्यातला नातू. ही सगळी माणसं, भट्टी, भाता आणि घागरी-परातींच्या चळती एकाच लांबुडक्या खोलीत राहायच्या. झोपेत कुणी पाय लांब केला की कुठलं तरी भांडं गडगडत दारापर्यंत जायचं. एक मात्र होतं, त्या बाळाला अंगाई कधी लागली नाही. हातोडे सुरू झाले की ते झोपायचं आणि थांबले की टक्क जागं व्हायचं. आळीतली सगळीच पोरं अशी वाढली होती, त्यामुळे कुणाला त्याचं नवल वाटत नसे.

एकदा राजाच्या मुलीचं लग्न ठरलं. पाहुण्यांच्या पाण्यासाठी तांबट बापलेकांनी तांब्याचा एक हंडा घडवला. घडवता घडवता तो एवढा मोठा झाला की बाहेर काढायची वेळ आली तेव्हा दारातून निघेना. तांबटानं मागचापुढचा विचार न करता चौकटीसकट दारच उखडलं आणि हंडा वाजतगाजत राजवाड्यावर नेला.

लग्न थाटात झालं. राजा इतका खूश झाला की स्वतः तांबट आळीत आला. तांबटाच्या घरासमोर उभा राहून तो इकडेतिकडे बघू लागला.

"अरे, तुझ्या घराचं दार कुठे गेलं?"

"महाराज, हंड्याबरोबर गेलं."

राजा पोट धरून हसला. "मग तुला दार देणं माझ्याकडे लागलं. दार देतो, आणि त्यामागचं घरही देतो! माझी दोन घरं रिकामी आहेत. एक जुन्या चौकातलं, माझ्या आजोबांच्या सेनापतीचं. दुसरं नव्या पेठेच्या टोकाला, नुकतंच बांधलेलं, अजून कुणी राहिलेलंही नाही. हवं ते घे. मात्र दसऱ्याला ज्या दाराला तोरण बांधशील ते तुझं. एकदा बांधलं की मग बदल नाही."

तांबटाच्या आनंदाला पारावार राहिला नाही. त्यानं आळीतल्या प्रत्येक घरी जाऊन बातमी सांगितली, आणि ज्यांना आधीच कळली होती त्यांना पुन्हा सांगितली. दुसऱ्या दिवशी भट्टी पेटलीच नाही. सगळ्यांनी चिंच लावून हात घासले, ठेवणीतले कपडे काढले. तांबटानं लाल पागोटं बांधलं, बायकोनं नथ घातली, आणि वऱ्हाड निघावं तशी मंडळी घरं बघायला निघाली.

जुन्या चौकातलं घर बघून तांबटाचा श्वासच थांबला. शिसवी खांब, खांबांवर कोरलेले पोपट, पितळी कड्यांचा झोपाळा, आणि भिंती अशा जाड की खिडकीच्या कट्ट्यावर माणूस आडवा झोपेल. बाहेर ऊन रणरणत होतं आणि आत माठातल्या पाण्यासारखा गारवा होता. तांबट झोपाळ्यावर बसला, मिशीवर ताव दिला आणि उगाचच ओरडला, "कोण आहे रे तिकडे?"

"मी आहे," बायको म्हणाली. "उतरा आता. दुसरं घर बघायचंय."

नव्या पेठेतल्या घरात मुलाची तीच गत झाली. काचेच्या मोठमोठ्या खिडक्या, पातळ, पांढऱ्याशुभ्र भिंती, परसात तळ्याहून नळानं येणारं पाणी. आणि जमीन तर अशी गुळगुळीत घोटलेली की मुलानं वहाणा दाराबाहेर काढल्या आणि तो चवड्यांवर चालू लागला.

"बाबा, बघा! जमिनीत चेहरा दिसतो!"

"दिसू दे. मला माझा चेहरा ठाऊक आहे," तांबट म्हणाला. त्याच्या डोळ्यांपुढे अजून पोपटच होते.

म्हाताऱ्या आबांना पोपटही दिसले नाहीत आणि चेहराही. ते दोन्ही घरांत एकच गोष्ट विचारत होते. "अरे, ऐरण कुठे रोवायची?"

तांबटांची रीतच होती तशी. नव्या घरात चूल मांडण्याच्याही आधी ऐरण बसवायची. तिचा लाकडी ओंडका हातभर जमिनीत पुरायचा, म्हणजे घाव पडल्यावर ती हलत नाही. मग घरातल्या वडीलधाऱ्यानं पहिला घाव घालायचा.

"आबा, ते नंतर बघू," तांबट म्हणाला. मुलगाही तेच म्हणाला. त्या दिवशी दोघांचं एकमत झालं ते एवढ्यापुरतंच.

घरी परतल्यावर वादाला तोंड फुटलं.

"जुनं घर म्हणजे घर! त्या खांबांना हात लावला तरी माणूस दोन बोटं उंच होतो."

"आणि झाडून झाडून आईची कंबर मोडते त्याचं काय? बाबा, नव्या घरात उजेड आहे, पाणी आहे."

"उजेड फुकट मिळतो. पोपट मिळत नाहीत!"

"तुम्ही पोपटांबरोबर राहा. आम्ही तिघं वेगळं बिऱ्हाड करतो!"

हे मुलगा रागाच्या भरात बोलून गेला, पण बोलून गेला खरा. सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. तांबटानं लाल पागोटं खुंटीवर फेकलं आणि न जेवताच भिंतीकडे तोंड करून आडवा झाला.

दुसऱ्या दिवसापासून कामातही ते उतरलं. मोठ्या भांड्यावर बापलेक समोरासमोर बसून आळीपाळीनं घाव घालायचे. एकाचा उतरला की दुसऱ्याचा, बोलावंसुद्धा लागत नसे. आता घावावर घाव पडू लागले. चांगल्या जमून आलेल्या घागरीला पोचा आला. आबा कोपऱ्यातून म्हणाले, "अरे, तुमचे हातोडे भांडतायत."

दसरा जवळ येत चालला. शेवटी तांबटाच्या बायकोनं पदर खोचला.

"अहो, आपण घर बघायला गेलो होतो की मिरवायला? नथ घालून मी काय भाकरी थापणार होते? आता दोन दिवस उरलेत. एक दिवस त्या घरात काढू, एक दिवस या घरात. रोजचे कपडे, रोजचं काम. भट्टी, ऐरण, पाळणा, सगळं बरोबर घ्यायचं. मग बोला."

हे सगळ्यांना पटलं. तांबट तर एवढा हुरळला की पहाटेच बैलगाडी घेऊन आला. मनात म्हणाला, एकदा तिथं काम करून बघू दे, लेकाची बोलतीच बंद होईल!

जुन्या घराच्या ओसरीवर मातीची जमीन होती. ऐरण झकास रोवली गेली, भट्टी पेटली, गारव्यात काम करताना घामही येईना. तांबट गाऊ लागला. पण काम ऐन रंगात आलं तशी सून धावत आली.

"बाळ केव्हाचं रडतंय. काही केल्या झोपत नाही."

भट्टीच्या धुरापासून लांब म्हणून पाळणा माजघरात बांधला होता. मधे दोन जाड भिंती. हातोड्याचा आवाज त्या भिंतींनी गिळून टाकला होता. दुपारी बायकोनं जेवायला हाका मारल्या, त्याही ओसरीपर्यंत पोचल्या नाहीत. आमटी निवली आणि बायको तापली.

"सवय होईल," तांबट म्हणाला.

मग तो पाणी प्यायला आत गेला आणि जागच्या जागी थबकला. म्हातारे आबा मधल्या अंधाऱ्या बोळात भिंत चाचपडत उभे होते. उंबऱ्याला ठेचकाळून पायाला खरचटलं होतं. तांबटानं हात धरला तशी त्यांनी तो दोन्ही हातांनी घट्ट पकडला.

"आहेस होय रे? कुठूनच आवाज येईना. मला वाटलं, तुम्ही सगळे मला ठेवून गेलात."

तांबटाच्या काळजात चर्र झालं. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. संध्याकाळी सामान गाडीत भरताना त्यानं एका खांबावरून हळूच हात फिरवला आणि स्वतःशीच पुन्हा म्हणाला, सवय होईल.

दुसऱ्या दिवशी मंडळी नव्या घरात आली. मुलगा तर आनंदानं नुसता नाचत होता. पण ऐरण उतरवताना त्याचा चेहरा बदलला. "इथं नको, ओरखडा उठेल. तिथंही नको." शेवटी त्यानं खाली गोधड्या अंथरल्या आणि त्यांच्यावर ऐरण ठेवली. पहिल्याच घावाला ती घसरली, दुसऱ्या घावाला तांबटाचा पाय थोडक्यात वाचला. परसात फरशी, अंगणात फरशी. पुरायला वीतभर माती कुठे मिळेना. घाव नाही म्हणून काम नाही, आणि काम नाही म्हणून बाळाला झोप नाही. ते तर वरच्या खोलीत जीव खाऊन रडत होतं.

मुलगा तोंड पाडून पायरीवर बसला. तांबटाला मात्र मनातून गुदगुल्या होत होत्या. जिंकलो की! निदान तिथं ऐरण तरी रोवली गेली होती.

सूर्य कलला आणि राजाचा कारभारी आला. मागे झेंडूच्या टोपल्या घेतलेले गडी होते.

"उद्या दसरा. बोला, तोरण कुठल्या दारी पाठवू?"

सगळ्यांनी तांबटाकडे पाहिलं. मुलगा खाली मान घालून म्हणाला, "बाबा म्हणतील तसं." तांबटानं छाती फुगवली. 'जुन्या' हा शब्द अगदी ओठांवर आला होता.

तेवढ्यात मागच्या खोलीतून आबांचा आवाज आला. "आहात ना रे सगळे?"

"आहोत, मामंजी!" स्वयंपाकघरातून बायको म्हणाली.

"आहोत, आजोबा!" वरून सून म्हणाली.

"मी पण इथंच आहे, आजोबा," पायरीवरून मुलगा म्हणाला.

"मग ठीक आहे," आबा म्हणाले, आणि निवांत खोकले. तो खोकलासुद्धा दारात उभ्या असलेल्या तांबटाला स्वच्छ ऐकू आला.

उभा जन्म तांबट कानांवर जगला होता. घावाच्या आवाजावरून त्याला पत्रा कुठे जाड आहे ते कळायचं. आणि घर निवडताना मात्र त्यानं नुसते डोळे वापरले होते. त्याला कालचे आबा आठवले, भिंत चाचपडणारे. इथं त्यांना कुणाला शोधावं लागलं नव्हतं. एक हाक दिली आणि सगळं घर ओ देऊन मोकळं झालं. तांबटाला एकदम हसूही आलं आणि डोळेही भरून आले.

"तोरण इथं आणा," तो म्हणाला.

मुलगा ताडकन उठला. "पण बाबा, इथं ऐरण बसत नाही! काम कसं करणार?"

"त्या घराच्या भिंती मला पातळ करता येणार नाहीत, लेका. इथं अडचण आहे ती फक्त..." आणि तांबट थांबला. अडचण त्या घोटीव जमिनीची होती, आणि लेकाचा तिच्यावर किती जीव आहे हे तो बघत होता. स्वतःचे पोपट त्यानं सोडले होते, पण लेकाची जमीन फोडू या असं त्याच्यानं म्हणवेना.

मुलानं जमिनीकडे पाहिलं. तिच्यात त्याचा चेहरा दिसत होता. वर बाळ रडत होतं. तो बाहेर गेला, गाडीतून पहार काढून आणली आणि बैठकीच्या खोलीत, खिडकीजवळ, उजेड बघून खाडकन हाणली!

"अरे, अरे! हे काय चालवलंय?" कारभारी किंचाळला. "महाराजांनी खास कारागीर आणून घोटून घेतलीय ती!"

पण आता ऐकतो कोण! चकचकीत गिलाव्याचे तुकडे उडाले आणि खाली काळी, ओलसर माती लागली. तांबट गुडघे टेकून हातांनीच माती उपसू लागला. सून जिना उतरून आली आणि लहान पोरीसारख्या टाळ्या पिटू लागली. ओंडका पुरला, दाबून बसवला, त्यावर ऐरण ठेवली. बायको आबांना हाताला धरून घेऊन आली. आबांनी ऐरण चाचपली, हलवून बघितली. ती हलली नाही.

"इथं होय," ते म्हणाले, आणि त्यांनी पहिला घाव घातला.

दुसरा तांबटानं घातला, तिसरा मुलानं. मग ती पोचा आलेली घागर ऐरणीवर चढली आणि बापलेकांचे घाव एकामागून एक पडू लागले. एकही घाव दुसऱ्याच्या अंगावर गेला नाही. त्या आवाजानं सगळं घर भरून गेलं. जिना चढून तो वर पोचला आणि वरचं रडणं हुंदक्यावर आलं, मग थांबलंच.

कारभाऱ्यानं कानांवर हात ठेवले. "अहो, जरा थांबा! मला महाराजांना काय सांगायचं ते तरी..."

"काय सांगायचं ते सांगा, कारभारी," तांबट घाव न थांबवता ओरडला, "पण हातोडा थांबवायला सांगू नका. बाळ उठेल!"

दुसऱ्या दिवशी त्या दाराला तोरण लागलं. राजानं जमिनीची हकीकत ऐकली आणि तो पुन्हा एकदा पोट धरून हसला. जुन्या घरातले पोपट मात्र तांबटाच्या मनातून गेले नाहीत. त्यानंतर त्यानं घडवलेल्या प्रत्येक परातीच्या काठावर एक तरी पोपट असायचाच.

तात्पर्य: घर बघायला पाहुण्यासारखं नटून जाऊ नये, रोजचं काम आणि रडतं बाळ बरोबर न्यावं, आणि जिथं एकमेकांची हाक ऐकू येते, त्या घरासाठी आपल्या आवडीवर पहिली पहार आपणच घालावी.