नावाड्याचं हसू

मिरजेच्या एका चित्रपट मंडळात जगातला सर्वश्रेष्ठ ॲनिमेशन सिनेमा ठरत होता. पहिला येईल तो महोत्सवात दाखवायचा. सभासदांचा कौल ‘हत्तीची सर्दी’ला होता. पण अध्यक्ष दादासाहेब मोहोळकरांची जाण इतकी थोर, की त्यांचं एक मत दहा मतांचं धरलं जाई. हा नियमही त्यांनीच केला होता.

“सर्दी पोरांना होते,” ते म्हणाले. “पहिला नंबर ‘मीठ आणि बर्फ’चा. चार तासांचा आहे, परदेशी. तुम्हाला झेपायचा नाही.”

चित्रकलेच्या शिक्षिका हुद्दारबाई उठल्या. “सर, त्यातला आंधळा नावाडी शेवटी का हो हसतो?”

अध्यक्षांनी डोळे मिटले. “अहाहा! त्या हसण्यातच सगळा सिनेमा आहे. काय ते थरथरणारे ओठ!”

“सर, त्यात माणूसच नाही. नुसते पेंग्विन आहेत. पण पहिला नंबर तुमचाच. एवढं हसू हलवायला लोकांना शेकडो चित्रं काढावी लागतात. तुम्ही एक रेघही न ओढता हलवलंत!”

अध्यक्षांनी दहाही मतं मुकाट्याने हत्तीला दिली. महोत्सवाला मात्र ते आले नाहीत. त्यांना म्हणे सर्दी झाली होती.