विसाजीपंतांचा इंग्रजी परवचा

गोष्ट जुनी आहे, जहाजांना शिडं होती तेव्हाची. समुद्राकाठच्या एका छोट्या राज्यात विसाजीपंत नावाचे एक गृहस्थ राहत. त्यांना इंग्रजी शिकायचं वेड लागलं होतं, आणि वेड म्हणजे किती! जाडजूड कोश पुढ्यात घेऊन ते रोज पहाटे पाच नवे शब्द घोकायचे. मग तिन्हीसांजेला, मुलं पाढे म्हणतात तसा, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत सगळा परवचा म्हणायचे. तेही नुसते भारदस्त शब्द बरं का! साधे, बोटभर शब्द त्यांनी गाळूनच टाकले होते. "ते काय, कोणीही शिकेल," असं म्हणून ते नाक मुरडायचे.

अशी सहा वर्षं गेली. दहा हजार शब्द पाठ झाले. परवचा संपेपर्यंत घरचं जेवण थंडगार व्हायचं. पण एवढ्या वर्षांत पंत इंग्रजीत एका माणसाशी एक वाक्य बोलले असतील तर शपथ!

एक दिवस राजाने दवंडी पिटवली. आजवर बंदराबाहेरच थांबणारी इंग्रजी जहाजं आता आत यायची होती. पहिलं जहाज जो सुखरूप आत आणील तो दरबारचा दुभाषी होईल. पंतांना आभाळ ठेंगणं झालं. हे पद आपल्यासाठीच रिकामं आहे, अशी त्यांची खात्रीच होती.

जहाज दिसलं. पंत नवी पगडी घालून होडीत बसले. पाहुण्या जहाजाला पहिली भेट ताज्या माशांची, अशी त्या बंदराची रीत होती. म्हणून टोपली घेऊन चांगुणा कोळीणही होडीत बसली. बाहेरच्या जहाजांवर मासे विकता विकता ती तीस-चाळीस इंग्रजी शब्द शिकली होती.

बंदराच्या तोंडाशी एक मोठा खडक होता. भरतीच्या वेळी तो पाण्याखाली जायचा, आताही गेला होता. आणि जहाज नेमकं तिकडेच निघालं होतं!

"पंत, सांगा की त्यांना!" वल्हेकरी ओरडले.

पाण्याखाली बुडालेला, असं म्हणायला पंतांकडे झकास शब्द होता. 'सबमर्ज्ड'. पण तो परवच्यात सात-आठ हजार शब्दांनंतर यायचा! मधूनच उचलायची सवय नाही, मग करणार काय? पंतांनी डोळे मिटले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. "अबॅन्डन! अबेट! अब्डिकेट!"

अबॅन्डन म्हणजे सोडून द्या. कप्तानाला वाटलं, जहाजच सोडून द्यायला सांगताहेत. वर एकच गोंधळ उडाला. दीडशे माणसं होती हो त्या जहाजावर!

चांगुणा टोपली टाकून उठली. "स्टॉप! रॉक! बिग रॉक! वॉटर अंडर! गो लेफ्ट!" असं ओरडत तिने दोन्ही हात डावीकडे फेकले. सुकाणू फिरलं. पाण्याखालचा काळाकभिन्न खडक जहाजाच्या अगदी कडेने मागे गेला. पंत तेव्हा 'अबंडंट'पर्यंत पोचले होते.

धक्क्यावर राजाने चांगुणाला दुभाषीण व्हायला सांगितलं. ती हात जोडून म्हणाली, "नको महाराज. कप्तान मला काय काय विचारत होता, मी आपली नुसतीच हसले. माझी झेप चाळीस शब्दांची. पंतांकडे तर कोठार भरलंय, फक्त त्याचं दार गंजलंय. त्यांना तीन महिने माझ्याजवळ बाजारात बसवा."

पंतांची मान खाली गेली. लाज वाटली, रडूही आलं. पण दुसऱ्या दिवशी ते उपरणं नाकाला लावून मासळीबाजारात हजर झाले.

चांगुणाची एकच अट होती. सकाळी एक शब्द काढायचा आणि संध्याकाळपर्यंत तो दहा खलाशांशी बोलायचा. तोवर दुसरा नाही. पहिल्या दिवशी पंतांनी बांगड्यांचा ढीग दाखवून 'अबंडंट', म्हणजे भरपूर, असं म्हटलं, तर खलाशी पोट धरधरून हसले. पण ढीग दुपारपर्यंत संपला! हळूहळू उपरणं नाकावरून खाली आलं. पंतांनी गाळलेले बोटभर शब्दही चांगुणाकडून शिकून घेतले.

तीन महिन्यांनी तेच जहाज परत आलं, पण बंदराबाहेरच थांबलं. राजा आणि पंतांसह चांगुणा होडीतून जवळ गेली आणि तिने चौकशी केली. "सिक? हाऊ मेनी?" बारा जण आजारी होते. राजा घाबरला. "साथीचा रोग असला तर सारं गाव आडवं होईल. परत पाठवा त्यांना!"

परत पाठवायचं म्हणजे बारा जणांना मरायलाच सोडायचं. रोग पसरणारा आहे का, हे विचारायला चांगुणापाशी शब्द नव्हता. तिने पंतांकडे पाहिलं.

"इज इट कंटेजियस?" पंत ताडकन म्हणाले.

"नो, नो! बॅड मीट!" जहाजावरचा वैद्य ओरडला. खराब मांस खाल्लं होतं बिचाऱ्यांनी, दुसरं काही नाही! पंतांनी राजाला तसं सांगितलं आणि जहाज आत आलं. राजाने तिथल्या तिथे दोघांनाही दुभाषी नेमलं.

पंत मात्र खुळ्यासारखे उभे होते. 'कंटेजियस' त्यांनी आठवड्यापूर्वीच बाजारात वापरला होता. चांगुणा हसली की सारी रांग हसते, तिच्या त्या हसण्याला!

"चांगुणाबाई," ते म्हणाले, "अहो, मी पहिल्यापासून सुरुवातच केली नाही!"

"मग आता करूही नका," चांगुणा म्हणाली. "बारा जणांना पेज पाजायचीय, चला."

तात्पर्य: शब्द मोठा असो की छोटा, तो पाठ झाला म्हणून आपला होत नाही, चार माणसांत बोलला की होतो.