सूपभर मटकी

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती ते विचारू नका, सांगणाऱ्यालाही ठाऊक नाही. एका राज्याच्या मधोमध उंच डोंगर होता. समुद्रावरून आलेले ढग डोंगराच्या पश्चिमेला भरभरून बरसायचे आणि रिकामे होऊन पलीकडे जायचे. त्यामुळे पश्चिमेच्या गावात भाताची कोठारं ओसंडायची आणि पूर्वेच्या गावात एक वेळचीच चूल पेटायची.

राणी दरवर्षी पूर्वेच्या गावाला पेरणीसाठी बियाणं पाठवायची. पश्चिमेच्या पाटलाला ते खुपायचं.

"राणीसाहेब, ती माणसं आळशी आहेत," तो एकदा दरबारात म्हणाला. "आम्ही राबतो, म्हणून आमच्याकडे पिकतं. त्यांचं बियाणं बंद करा."

राणी म्हणाली, "एक वर्ष तुम्ही तिथं शेती करा, पाटील. परत येऊन सांगाल तसं करीन."

पाटील बैलजोडी आणि ताठ मान घेऊन डोंगर ओलांडून गेला. तिथंही त्यानं भातच पेरला! पंधरा दिवसांत रोपं करपली. बियाणं संपलं आणि पाटलाचं तोंड एवढंसं झालं.

शेजारची म्हातारी मात्र हसली नाही. तिनं ओंजळभर मटकी पुढे केली.

"भाताचा हट्ट सोड, बाबा. इथं मटकीच तग धरते. घे, राणीनं धाडलेल्यातलीच आहे."

पाटलानं मान खाली घालून ती घेतली.

मग तो राब राब राबला. दूरच्या झऱ्यावरून कावडीनं पाणी आणता आणता त्याचे खांदे सोलवटले. एवढा घाम त्यानं जन्मात गाळला नव्हता. शेवटी हाती आली सूपभर मटकी.

"यंदा बरं पिकलं हो तुझं!" म्हातारी म्हणाली. ती चेष्टा करत नव्हती. पाटलाला रडू आलं.

दरबारात सूप ठेवून तो म्हणाला, "राणीसाहेब, बियाणं बंद करू नका. अंगणात चिखल होतो म्हणून मी पावसाला शिव्या द्यायचो. हात मात्र एकदाही जोडले नाहीत."

तेव्हापासून पाटलाच्या राशीतला पहिला वाटा डोंगरापलीकडे जाऊ लागला. त्याला तो 'पावसाचा वाटा' म्हणायचा. म्हातारीही न चुकता सूपभर मटकी पाठवायची, आणि त्या दिवशी पाटलाच्या घरी आधी आभाळाला हात जोडून मगच उसळ वाढली जायची.

तात्पर्य: घाम आपला असला तरी पाऊस मिळालेला असतो, म्हणून भरल्या राशीपुढे गर्व न करता हात जोडावेत आणि वाटा काढावा.